बाळंतपण कार्डात का बसत नाही?

दाराशी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा फलक असलेल्या नगरच्या कुठल्याही खासगी रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलापाशी थोडा वेळ थांबा. एक प्रश्न हमखास ऐकू येतो, ‘‘हे कार्डात बसतं का?’’ हृदयाची झडप बसते. मुतखड्याचं ऑपरेशन बसतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला ‘पेटीत’ ठेवायची वेळ आली, तर तेही बसतं. त्या बाळाला जन्म देणारी बाई मात्र, तिचं बाळंतपण सरळ झालं असेल तर, बसत नाही. तिच्या सासऱ्याने आणलेलं पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आरोग्यमित्र परत हातात देतो आणि ‘‘त्यासाठी सिव्हिलला जा’’ म्हणून सांगतो.

यात त्या आरोग्यमित्राची चूक काही नाही. यामागे विम्याचं जुनं गणित आहे. जे होईल की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं, त्याची जोखीम अनेकांनी मिळून वाटून घ्यायची, हा विमा. बाळंतपण नऊ महिने आधी कळतं, आणि ज्यांना ते करायचं आहे त्याच विमा काढायला पुढे येतात. म्हणून बाजारातल्या खासगी पॉलिसी बाळंतपणासाठी नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत थांबायला लावतात आणि वर रकमेची मर्यादा घालतात. हा केवळ नफेखोर कंपन्यांचा स्वभाव म्हणावा, तर सेवाग्रामचं उदाहरण आडवं येतं. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजूंच्या पुढाकाराने गावोगाव आरोग्य विमा उभा केला. वर्गणी ज्वारीच्या रूपात, ऐपतीप्रमाणे. अचानक आलेल्या आजाराला पैसे लागत नसत, पण साधी प्रसूती किंवा मोतीबिंदू अशा आधी ठाऊक असलेल्या गोष्टींसाठी बिलाचा चौथा हिस्सा भरावा लागे. नफ्याचा लवलेश नसलेल्या, गांधींच्या आश्रमाशेजारच्या योजनेलाही ही भिंत घालावी लागली, यातच सगळं आलं.

तेव्हा साध्या बाळंतपणाचा भार विम्यावर टाकणंच चूक आहे, असं माझं मत. तो थेट सरकारी तिजोरीचा खर्च आहे. विमा आईला हवा तो गुंतागुंतीसाठी आणि बाळाला हवा तो पहिल्या महिन्यातल्या संकटासाठी. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की बाई दोन्हीकडून सुटते, आणि नगर जिल्ह्यात नेमकं तेच होताना दिसतं.

हा भार कुणाचा, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कारखान्यातल्या कामगार स्त्रियांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता देणारं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. हा खर्च मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, कारण लोकांचं कल्याण ही सरकारची जबाबदारी, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ चा कायदा झाला तो मात्र मालकाच्या खिशावर. कापड गिरण्यांतली बायकांची संख्या पुढे घटत गेली. कारणं इतरही होती, पण मालकावर एकट्यावर भार टाकला की तो बाईला कामावर घेणंच टाळतो, हा धडा तेव्हाचा. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने त्यावर तोड काढली. वर्गणी सगळ्यांची आणि बाळंतपणाचा पगार महामंडळाकडून, आता तो २६ आठवड्यांचा. नगर एमआयडीसीत किंवा पारनेर तालुक्यातल्या सुप्याच्या कारखान्यांत पगारपत्रकावर असलेल्या बाईला हे मिळतं. खुरपणीला जाणाऱ्या बाईला ते लागू नाही, आणि जिल्ह्यात खुरपणाऱ्या बायका कितीतरी जास्त आहेत.

असंघटितांसाठी २००८ मध्ये केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. रक्कम फुटकळ, कुटुंबाला वर्षाला ३० हजार. पण तिच्यात बाळंतपण होतं आणि जन्मलेलं बाळ आपोआप धरलं जाई. महाराष्ट्रात ती रुजली नाही. राज्याने २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू केली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती नगरसह उरलेल्या जिल्ह्यांत आणली. वर्षाला दीड लाखाचं कवच, ९७१ उपचार, बहुतेक मोठ्या शस्त्रक्रिया. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं आणि १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली.

इथे नगरकरांना डाचणारी एक गोष्ट सांगायलाच हवी. पिवळ्या आणि केशरी कार्डाबाहेरच्या, म्हणजे पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही या योजनेत घेतलं होतं, पण फक्त आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत. मराठवाड्याचे आठ, विदर्भाचे सहा. बीड त्यात होता, नगर नव्हता. नगरचा जामखेड आणि बीडचा आष्टी हे तालुके एकमेकांना खेटून. माती तीच, दुष्काळ तोच, ऊसतोडीचा मुकादमही बऱ्याचदा तोच. पण आष्टीतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्याचं आजारी तान्हं बाळ योजनेत, आणि जामखेडच्या शेतकऱ्याचं बाहेर. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही भिंत पाडली. मर्यादा पाच लाख झाली, उपचार १३५६ झाले आणि राज्यातला प्रत्येक रेशनकार्डधारक आत आला. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून. एवढं सगळं वाढलं, तरी साधं बाळंतपण बाहेरच राहिलं.

सरकारचं यावर उत्तर असं की त्यासाठी वेगळी सोय आहे. आणि ती आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. १ जून २०११ पासूनचा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम कागदावर कुठल्याही पॉलिसीपेक्षा सरस आहे. हप्ता नाही, मर्यादा नाही, कार्डही लागत नाही. सरकारी रुग्णालयात प्रसूती फुकट, सिझर फुकट, औषधं, तपासण्या, रक्त फुकट. साध्या प्रसूतीला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण, घरून न्यायला आणि परत सोडायला गाडी. आजारी नवजात बाळाला आधी ३० दिवसांपर्यंत, मग वाढवून वर्षभरापर्यंत. त्याआधी २००५ पासून जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागात ७०० रुपये होतेच. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत सगळेच उपचार मोफत झाले. देशात माता मृत्यूचं प्रमाण २०१८–२० मध्ये लाख जन्मांमागे ९७ होतं, तेव्हा महाराष्ट्रात ते ३३ होतं. दारोदार फिरणाऱ्या आशाताई, नर्सबाई आणि २०१४ पासूनची १०८ गाडी यांचा त्यात मोठा वाटा आहे.

मग अडतं कुठे? हे सगळं सरकारी इमारतीच्या उंबरठ्याच्या आत लागू आहे, आणि त्या इमारतीत काय आहे यावर सगळी भिस्त. ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता सिझर व्हायचं, तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्त या चारही गोष्टी एकाच वेळी हजर लागतात. त्यातली एक नसली की डॉक्टर चिठ्ठी लिहितात, ‘‘पुढे न्या’’. नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. १७ हजार चौरस किलोमीटर, १४ तालुके. राजूर–भंडारदऱ्याच्या ठाकर किंवा महादेव कोळी वस्तीवरून नगरचं सिव्हिल शंभर किलोमीटरहून लांब पडतं, त्यापेक्षा नाशिक जवळ. दक्षिणेला जामखेड–कर्जतची तीच गत. राहाता–श्रीरामपूरकडच्यांना लोणीचं प्रवरा रुग्णालय आहे. बाकीच्यांची गाडी वाटेतल्या पहिल्या खासगी नर्सिंग होमपाशी थांबते. कळा येत असताना कुणी फलक वाचत नाही. तिथे सिझर होतं आणि बिलासाठी बैल, मंगळसूत्र किंवा मुकादमाची उचल कामी येते.

म्हणजे सरकारी कार्यक्रमाने बाईला हमी दिली, सरकारी डॉक्टरनेच तिला बाहेर पाठवलं, आणि बाहेर पडताक्षणी हमी संपली. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

यावर एक सोपा वाटणारा उपाय वारंवार सुचवला जातो. सिझर खासगी रुग्णालयांतही योजनेत टाकून द्या. तो सरसकट करू नये, असं मी म्हणेन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या दर चारांपैकी एक बाळ सिझरने जन्मलेलं दिसलं, नेमका आकडा २५.४ टक्के. खासगीत हे प्रमाण सरकारीपेक्षा कितीतरी जास्त. त्यावर सरकारी पैशाचा नळ सोडला तर पोटं आणखी फाडली जातील. ही भीती हवेतली नाही. शेजारच्या बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचं प्रकरण २०१९ मध्ये चव्हाट्यावर आलं, विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली, आणि पैसा व चाकू यांचं नातं साऱ्या राज्याने पाहिलं. गुजरातने वेगळी वाट धरून पाहिली. २००५ च्या सुमारास सुरू झालेल्या चिरंजीवी योजनेत खासगी डॉक्टरांना गरीब बाईच्या प्रसूतीमागे ठरलेली रक्कम दिली जाई. पुढे त्या योजनेचा काटेकोर अभ्यास झाला, तेव्हा रुग्णालयातल्या प्रसूती तिच्यामुळे फारशा वाढल्याचं दिसलं नाही.

माझा आग्रह एवढाच. चिठ्ठी सरकारची असेल, तर बिलही सरकारचं. ग्रामीण रुग्णालयाने लेखी पुढे पाठवलेल्या बाईचं सिझर, ज्या योजना-संलग्न रुग्णालयात गाडी आधी पोचेल तिथे, ठरलेल्या दराने व्हावं आणि पैसे त्या चिठ्ठीवर मिळावेत. नर्सिंग होमला स्वतःहून बाई ‘पकडता’ येणार नाही. आणि कोणत्या रुग्णालयातून किती चिठ्ठ्या निघाल्या, हे खर्चाच्या वहीतच दिसू लागेल. भूलतज्ज्ञाचं पद वर्षानुवर्षं रिकामं ठेवणं मग खात्यालाच महाग पडेल.

कार्डाचा आणखी एक गुंता शहरातल्या वाचकाच्या लक्षात येत नाही. लग्न झालं की मुलीचं नाव माहेरच्या रेशनकार्डातून कमी करायचं, तो दाखला सासरच्या तहसीलला द्यायचा, मग सासरच्या कार्डावर नाव चढायचं. यात कित्येक महिने जातात. दिवस मात्र त्याआधीच जातात. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. मुलगी सासरच्या आशाकडे नोंदलेली, सातव्या–आठव्या महिन्यात माहेरी आलेली, नाव कुठल्याच कार्डावर धड नाही. आणि नेमकी याच वेळी गुंतागुंत झाली की कागदांची शोधाशोध सुरू होते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाचे पाच हजार रुपये अनेकींना बाळ रांगायला लागल्यावर मिळतात, त्याचं कारणही बहुधा हेच. आधार एका नावाचं, बँकखातं दुसऱ्या, कार्ड तिसऱ्या. गावच्या तलाठ्याने आणि रेशन दुकानदाराने लग्नाच्या नोंदणीबरोबर ही नावं सरकवली, तर कुठल्याही नव्या योजनेपेक्षा जास्त उपकार होतील.

अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींबद्दल तर बोलायलाच कुणी तयार नसतं. राज्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी पाचातल्या एकीहून जास्त जणींचं लग्न अठराआधी झालेलं, हे त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं म्हणणं. मातृवंदनेला वय किमान १८ वर्षं ७ महिने लागतं. पोलिसात कळवलं जाईल या धास्तीने घरचे अशा मुलीला नोंदवतच नाहीत. जिला सगळ्यात जास्त धोका, तीच वहीत नाही.

आणि ऊसतोड. याबाबतीत नगरची तऱ्हा राज्यात निराळी आहे, कारण हा जिल्हा मजूर पाठवतोही आणि बोलावतोही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडचे कोयते दिवाळीच्या आगेमागे बाहेर पडतात. त्याच वेळी प्रवरानगर, संगमनेर, कोपरगाव, राहुरी, श्रीगोंद्याच्या फडांत बाहेरचे कोयते उतरतात. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ज्याचा आपण अभिमान बाळगतो, तो १९५० चा, याच जिल्ह्यात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. बाईने एक दिवस काम चुकवलं की खाडा पडतो आणि उचलीतून पैसे कापले जातात. तिचं तपासणीचं कार्ड पाथर्डीत, लसीची नोंद पाथर्डीत, आणि कळा येतात त्या चारशे किलोमीटरवरच्या पालात. मोफत प्रसूतीचा कार्यक्रम राज्यभर लागू आहे, तिला कुठलाही सरकारी दवाखाना नाही म्हणू शकत नाही, हे नियमाने खरं. पण अनोळखी गावात, अनोळखी भाषेच्या सीमेपलीकडे कर्नाटकात असली तर विचारायलाच नको, तिला आधी ओळखणारं कुणीतरी लागतं. कारखाना उसाच्या प्रत्येक गाडीचं वजन नोंदवतो. टोळीत किती बायका गरोदर आहेत हे गाळप सुरू होताना नोंदवून जवळच्या आरोग्य केंद्राला कळवणं त्याला अवघड नाही. कारखान्यांच्या गेटवर ही सक्ती हवी, आणि तिचा खर्च टनामागे काही पैसे लावूनही निघेल.

बाळाच्या बाजूने पाहिलं तर चित्र पुष्कळ बरं आहे. कमी दिवसांचं बाळ, कावीळ, जंतुसंसर्ग, श्वास न धरणं, यांचा उपचार महात्मा फुले योजनेत आहे. कार्डावर बाळाचं नाव नसलं तरी रुग्णालयाचा जन्मदाखला आणि आईवडिलांचं कार्ड चालतं. जन्मतः हृदयाला छिद्र असलेल्या मुलांच्या शस्त्रक्रिया, सहा वर्षांखालच्या बहिऱ्या मुलांना कॉक्लियर इम्प्लांट, हेही आहे. २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या गाड्या अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन अशी मुलं हुडकतात. अडचण उरते ती फरफटीची. आई एका गावच्या रुग्णालयात टाके पडून, बाळ दुसऱ्या गावी पेटीत, आणि बाप दोन्हींच्या मधे कागद घेऊन एसटीत. शिवाय कार्ड इमारतीची वायरिंग तपासत नाही. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या नवजात कक्षात आगीने दहा बाळं गेली, आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या सिव्हिलच्या अतिदक्षता विभागात लागलेल्या आगीत करोनाचे रुग्ण दगावले. फुकट उपचाराचा हक्क सुरक्षित खाटेशिवाय अर्धाच.

एवढं सगळं लिहिल्यावर जामखेडकडे वळल्याशिवाय हा आढावा पुरा होत नाही, कारण कार्डांच्या कितीतरी आधी या जिल्ह्याने जगाला वेगळी वाट दाखवली होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य आधी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात होतं. १९७० मध्ये त्यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या, बऱ्याचशा दलित, बहुतेक निरक्षर. दर आठवड्याला त्यांना शिकवलं. त्या बायका गरोदर बाईचा हात-पाय पाहून सूज ओळखू लागल्या, पोट चाचपून आडवं मूल ओळखू लागल्या, स्वच्छ बाळंतपण करू लागल्या, आणि कोणती बाई वेळेत रुग्णालयात न्यायची हे सांगू लागल्या. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ च्या सुमारास हजारी १७६ असलेला अर्भकमृत्यू १९९३ पर्यंत १९ वर आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ नंतर देशभर उभ्या राहिलेल्या आशा कार्यकर्त्या या विचाराच्याच नात्यातल्या. फरक असा की जामखेडची बाई गावाला बांधलेली होती. आशाताईचा मोबदला बराचसा कामागणिक ठरतो, तो वेळेवर मिळावा म्हणून तिला मोर्चे काढावे लागतात आणि तिचा निम्मा दिवस फॉर्म भरण्यात जातो.

जामखेडमध्ये बाळं वाचली ती पाळत, आहार, स्वच्छता आणि एका हाकेवरच्या छोट्या रुग्णालयामुळे. विमा त्यात कुठेच नव्हता. याचा अर्थ विमा नको असा कुणी काढू नये. १९७० मध्ये अठ्ठावीस आठवड्यांचं बाळ वाचवायची सोयच नव्हती, आज ती आहे आणि महाग आहे. तिथे पाच लाखांचं कवच नसेल तर घर विकावं लागतं.

बाहेरच्या जगातून घेण्याजोगं एकच सांगतो. अमेरिकेत दर दहा बाळंतपणांतली चार सरकारी ‘मेडिकेड’ विम्यावर होतात. तिथे आईचं कवच प्रसूतीनंतर ६० दिवसांत तुटत असे. नंतरच्या महिन्यांतही माता दगावतात हे ध्यानात आल्यावर २०२२ पासून राज्यांना ते वर्षभर वाढवण्याची मुभा मिळाली आणि बहुतेकांनी ती घेतली. आपल्याकडे बाळाला वर्षभर कवच आहे, आईकडे लक्ष मात्र बेचाळीस दिवसांपुरतं. सव्वा महिना संपला की ती पुन्हा चुलीपाशी किंवा फडात. तिचा रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, मनाची घालमेल यांची नोंद ठेवणारी वही तिथेच बंद होते. बाळाच्या लसींच्या तारखांना आईचीही तपासणी जोडली, तर नवी योजना काढायची गरज नाही.

६ मे २०२५ ला राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक जामखेड तालुक्यातल्या चौंडीला, अहिल्यादेवींच्या गावी भरली आणि जिल्ह्यासाठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालं. ते उभं राहायला वर्षं लागतील. तोवर वाचकांपैकी ज्यांचा ग्रामसभेत, पंचायत समितीत किंवा रुग्ण कल्याण समितीत शब्द चालतो, त्यांनी आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाला दोनच गोष्टी लेखी विचाराव्यात. गेल्या वर्षभरात रात्री आठनंतर इथे किती सिझर झाली, आणि किती बायकांना चिठ्ठी देऊन पुढे पाठवलं? उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या.